बाजाराच्या दिवशीची हजेरी

साखळीला सोमवार, वाळपईला मंगळवार, डिचोलीला बुधवार, पेडण्याला गुरुवार आणि म्हापशाला शुक्रवार. उत्तर गोव्याच्या आठवडी बाजारांचे हे वेळापत्रक कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने आखलेले नाही, म्हणून ते टिकून आहे. वार्षिक परीक्षा गेली, सेमिस्टर आली, गुण गेले, क्रेडिट आले, शैक्षणिक धोरणसुद्धा नवे आले. डिचोलीचा बुधवार काही हलला नाही. आज तासाला वर्गात किती डोकी दिसतील याचा अंदाज हवा असेल, तर प्राध्यापकांनी हजेरीपट उघडण्याआधी वार कोणता ते पाहावे.

पुण्या-मुंबईच्या माणसाला कॉलेजच्या आसपासची खरेदी म्हटले की फर्ग्युसन रस्त्यावरची कानातली आठवतात, डेक्कनची हाँगकाँग गल्ली आठवते, वांद्र्याच्या लिंकिंग रोडवरचे टीशर्टांचे ढीग आठवतात. तिथे कॉलेजांच्या तरुण गर्दीवर बाजार पोसला गेला. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत मात्र कॉलेज आणि बाजार यांची गाठ पडू नये अशी कुणीतरी जाणूनबुजून तजवीज केलेली दिसते. पेडण्याचे सरकारी महाविद्यालय पेडण्यात नाही, विर्नोड्यात आहे. साखळीचे सरकारी महाविद्यालय साखळीच्या बाजारात नाही, वाळवंटी नदीपलीकडे कारापूर-विठ्ठलापुरात आहे. डिचोलीचे नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय सर्वणला आणि डिचोलीचे सरकारी तंत्रनिकेतन मयेला. 2022 च्या डिसेंबरात धारगळला आयुर्वेदाची मोठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तीही बाजारापासून सुरक्षित अंतर राखून. विद्या हवी तर एका गावात जा, वांगी हवी तर दुसऱ्या.

फाटकाबाहेर मग काय असते? एक झेरॉक्सचे दुकान आणि एक गाडा. झेरॉक्सवाला हा अशा ठिकाणचा बिनपगारी ग्रंथपाल असतो. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्याच्याकडे, गेल्या बॅचमधल्या हुशार मुलीच्या वह्यांच्या प्रती त्याच्याकडे आणि कोणता सर कोणता प्रश्न दरवर्षी विचारतो हे ज्ञानही त्याच्याचकडे. गाड्यावर भाजीपाव, मिरची भजी, बन आणि कपभर चहा. पातळभाजी की सुकी, एवढाच काय तो निवडीचा प्रश्न, आणि ज्यांना तोही सोडवता येत नाही त्यांच्यासाठी ‘मिक्स’. कॉलेजपरिसरातली खरेदी इथे संपते. उरलेल्या सगळ्या गरजांसाठी पोरांना बस पकडून आपल्या आजीच्या बाजारात जावे लागते, आणि गंमत सुरू होते ती तिथून.

विर्नोड्याच्या महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे. आंबिये घराणे मूळ पेडण्यातल्या पालयेचे. सोहिरोबांचा जन्म 1714 सालचा, बांद्याचा. सावंतवाडी दरबारचे कुलकर्णीपण त्यांच्याकडे होते. एकदा वाटेत फणस फोडून खायला बसले असताना गहिनीनाथ समोर उभे राहिले, त्यांनी गरे मागितले, यांनी दिले आणि तिथून यांचे कशात लक्ष लागेना, अशी कथा सांगतात. कुलकर्णीपण सुटले. हिशेबाच्या वह्या मिटून वैराग्याच्या वाटेला लागलेल्या या सत्पुरुषाच्या नावाने चालणाऱ्या महाविद्यालयात वाणिज्य शाखा आहे. वाणिज्यवाल्यांनी यातून काय घ्यावे, हे अभ्यासक्रमात दिलेले नाही. फणस मात्र मे महिन्यात पेडण्याच्या बाजारात अजून येतो, कापा आणि रसाळ दोन्ही, आणि तो समोर असताना कामावर जावेसे न वाटणे हा अनुभव संतांपुरता मर्यादित नाही.

आता गुरुवारची सकाळ घ्या. ट्रॅडिशनल डे आहे, साडीवर माळायला अबोलीची फाती हवी आहे, म्हणून तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मैत्रिणीच्या स्कूटरवरून पेडण्याच्या बाजारात उतरते. फुलवाली बाई फाती हातभर मोजून केळीच्या पानावर ठेवते. पन्नास. मुलगी तीस म्हणते. फर्ग्युसन रस्त्यावर इथून पुढे चाळीसपर्यंत सरळ उतार असतो. पेडण्याला मात्र फुलवाली भाव सोडून मुलीच्या तोंडाकडे पाहू लागते.

“खंयची गो तूं?”

“पालयेंची.”

“कोणाचें चेडूं?”

मुलगी वडिलांचे नाव सांगते. त्याने काही होत नाही. आजोबांचे सांगते, तरी कपाळावरची आठी तशीच. मग घर देवळापासून किती, गिरणीच्या वर की खाली, वाटेत आंबा लागतो की माड, अशी मोजणी सुरू होते. भूमापन खात्याने इतक्या चिकाटीने काम केले असते तर गोव्यातले निम्मे दावे निकालात निघाले असते. शेवटी आजीच्या माहेरचा उल्लेख होतो आणि बाईचा चेहरा खुलतो. आजी तिच्या मावशीच्या शेजारची निघते. फाती चाळीसला मिळते, वर दोन चाफ्याची फुले फुकट, आणि त्याबरोबर एक निरोप: आवयला सांग, महिना झाला, दिसली नाही. हा निरोप पोचवावा की नाही, असा पर्याय मुलीपुढे नसतो. संध्याकाळी ती घरी पोचण्याआधी घरी कळलेले असते की ती साडेदहाला बाजारात होती, साडी निळी होती आणि स्कूटर कोणाची होती. या बाजारात पावती मिळत नाही. नोंद मात्र होते.

शहरातल्या कॉलेजबाजारात घासाघीस करताना गिऱ्हाईक कोणाच्या ओळखीचे नसते आणि हीच त्याची ताकद असते. दुकानदाराला ‘राहू दे’ म्हणून पाठ फिरवून चालू पडण्याचा तो जो हुकमी डाव आहे, तो अनोळखी गावातच चालतो. पेडणे-डिचोलीत पाठ फिरवून जाणार कुठे? पुढच्या गुरुवारी तीच बाई, त्याच जागी, आणि मध्ये एखादे लग्न किंवा बारसे आले तर पंगतीत शेजारी. त्यामुळे इथे भाव पडतो तो हुज्जतीने नव्हे, नात्याने. वाड्यावरच्याला एक दर, तालुक्यातल्याला दुसरा, म्हापशाच्या पलीकडच्याला तिसरा, आणि अर्धी चड्डी व टोपी घालून आलेल्याला जो सांगितला जातो त्याला दर म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

यात सगळेच विक्रेते गावचे असतात असे मात्र नाही. गोव्याची बरीचशी भाजी बेळगावहून येते. कपडे, चपला, प्लास्टिकच्या बादल्या, स्टीलची भांडी घेऊन फिरणारे व्यापारी आठवडाभर गावोगावचे बाजार पालथे घालतात. त्यांना कोणाच्या आजीचे माहेर माहीत नसते, त्यांच्याशी पोरे मनमुराद घासाघीस करून घेतात. पण तिथेही एक सोय आहे. सोमवारी साखळीत घेतलेल्या चपलेचा अंगठा मंगळवारी सुटला, तर बहुधा तोच चपलवाला बुधवारी डिचोलीत सापडतो. तो ओळख देत नाही हा भाग वेगळा. चपलेकडे तो असे बघतो की ती जणू पोर्तुगीज काळातली असावी.

बुधवार हा गोव्यात दोन जगांचा वार. डिचोलीत मडकी, सुकी मासळी, मिरची, झाडू आणि शाळेच्या चड्ड्या यांचा बाजार भरतो, आणि त्याच बुधवारी हंगामात हणजूणच्या किनाऱ्यावर तो जगप्रसिद्ध बाजार भरतो, ज्याची सुरुवात सत्तरच्या दशकात हिप्पींनी केली. परतीच्या तिकिटाचे पैसे उभे करायला ते आपले कपडे, रेडिओ, गिटारी तिथे विकत. आज तिथे विकणारे देशभरातून आलेले असतात, आणि घेणारा पर्यटक घरी गेल्यावर अंगात घालणार नाही असे कपडे हसतमुखाने घेतो. डिचोलीतला विद्यार्थी हणजूणला बहुधा खरेदीला जात नाही. गेलाच तर पाहुण्यांना घेऊन जातो आणि प्रत्येक वस्तूचा भाव ऐकून डिचोलीत ती कितीला पडते, हे पाहुण्यांच्या कानात सांगतो. अशा माणसाला बरोबर घेऊन खरेदी होत नाही.

पेडण्याच्या किनारपट्टीची तऱ्हा आणखी निराळी. हरमल, मांद्रे, मोरजी ही गावे पर्यटनाची. मोरजीत तर रशियन अक्षरांतल्या पाट्याही लागलेल्या. तिथली पोरे सकाळी तास बसतात आणि हंगामात संध्याकाळी एखाद्या दुकानात उभी राहून पैसे कमावतात. मार्केटिंगच्या पेपरात नापास होणारा मुलगा सातच्या सुमारास रशियन बाईला तिच्याच भाषेत आकडे सांगून शाल विकताना दिसतो. तोच मुलगा गुरुवारी पेडण्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटे भांडतो. व्यापाराच्या दोन्ही बाजू शिकवणारे शिक्षण यापेक्षा वेगळे काय असते?

मासळीचा प्रसंग जपून सांगावा लागेल, कारण इथे कॉलेजकुमाराच्या शिक्षणाची खरी किंमत ठरते. आईने सकाळीच बजावलेले असते: येताना बांगडे आण. मासळी इथे किलोपेक्षा वांट्यावर जास्त चालते. फळीवर पाच-सहा बांगड्यांचा एक ढीग, तो वांटा, त्याची एक किंमत. मुलगा मोबाइल काढतो, फळीवर धरतो आणि आईला व्हिडिओ कॉल लावतो. मासळीवालीला हे अजिबात मान्य नसते, पण आता सवयीचे झाले आहे. फोनमधून आई विचारते, कल्ले दाखव. मुलगा बांगड्याचा कल्ला दोन बोटांनी उचलतो, लाल आहे की नाही ते दिसावे म्हणून दुसऱ्या हाताने टॉर्च लावतो, आणि टॉर्च लावल्यावर कॅमेरा बंद पडतो. तोवर मासळीवाली फोनमध्ये तोंड घालून आईशी थेट बोलू लागते. दोघी एकमेकींना ओळखतात. भाव ठरतो, वांट्यावर एक छोटा बांगडा वाढवून मिळतो, कोणाच्या मुलीचे कुठे ठरले हेही ठरून जाते. या सगळ्या व्यवहारात मुलाचे काम फोन सरळ धरण्याचे. पुढे बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसण्याचेही. बाजूची सीट त्या दिवशी रिकामी राहते.

सोमवारी साखळीच्या पोराला हा त्रास कमी, कारण बऱ्याच घरांत सोमवार शिवराकाचा, म्हणजे शाकाहाराचा. त्या दिवशी तो भाजी घेऊन जातो आणि भाजीने कोणाच्या प्रेमात आजवर विघ्न आलेले नाही.

डिचोली-साखळीच्या खिशाचा इतिहास लोखंडाने लिहिला आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा ज्याच्या घरी ट्रक, तो पोरगा बाजारात राजा. रेबॅनचे चष्मे, पांढरे बूट आणि त्यावर खाणीची लाल धूळ, असा त्या काळातल्या श्रीमंतीचा पोशाख होता. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात उभे राहिले, त्यांच्यावर वेली चढल्या आणि गाड्यावर भाजीपावाची उधारीची वही जाड झाली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मंदीचा धडा असतो. डिचोलीची पोरे तो मोटारसायकलचे हप्ते थकवून शिकली. बूट तेव्हापासून काळे घेतात. धुळीचा रंग कोणताही असो, दिसत नाही.

चवथ जवळ आली की मात्र गिऱ्हाइकांत पोरे पुढे आणि वडीलधारी मागे. गोव्यात चवथीला कॉलेजांना सुटी मिळते आणि ती अभ्यासासाठी दिलेली आहे असा समज फक्त वेळापत्रक लावणाऱ्यांचा असतो. गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी साखळी, डिचोली, म्हापशाच्या बाजारांत रानातली, परसातली फळे-फुले ओतली जातात: नारळाची पेंड, सुपारीचे घोस, मावळिंग, तोरिंगण, चिबूड, आंबाडे, कांगणी, करमळे, आणि नावे विचारल्यावर विकणारीही क्षणभर थबकेल अशी कितीतरी. कला आणि संस्कृती खाते माटोळीची स्पर्धा घेते, आणि स्पर्धेसाठी शेकडो प्रकारच्या वस्तू टांगणारी घरे आहेत. विज्ञान शाखेचा विद्यार्थी या दिवसांत आजीच्या मागे पिशवी धरून फिरतो. वर्षभर ज्या झाडांची लॅटिन नावे घोकली, ती झाडे प्रत्यक्षात अशी दिसतात, हे त्याला इथे कळते. आजीला लॅटिन येत नाही, पण कोणते फळ दोरीवर पाच दिवस टिकेल आणि कोणते दुसऱ्या रात्री समईवर पडेल, हे तिला येते. प्रात्यक्षिकाचे गुण कोणाला द्यायचे ते परीक्षकांनी ठरवावे.

याच दिवसांत घुमट घेतला जातो. डिचोलीचे कुंभार मातीकामासाठी नाव राखून आहेत, आणि घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे: मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले, लहान तोंड उघडे, ते डाव्या तळव्याने झाकत-उघडत उजव्या हाताने वाजवायचे. पूर्वी त्यावर घोरपडीचे चामडे असे; वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले, आता बकऱ्याचे लावतात. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. म्हणजे घुमटाला मान मिळाला, घोरपडीला अभय मिळाले आणि घासाघीस होती तशी राहिली.

घुमट घ्यायला एकटा कोणी जात नाही. वाड्यावरची पाच-सात कॉलेजची पोरे जातात, वर्गणीचे पैसे एकाच्या खिशात आणि अक्कल सगळ्यांच्यात वाटलेली. पहिला बोटाच्या पेराने मडक्याच्या कडेवर टिचकी मारतो आणि डोळे मिटतो. दुसरा भांडे उन्हाकडे धरून चीर दिसते का पाहतो. तिसरा चामड्यावर थाप देतो, मान हलवतो, आणि बसका आहे म्हणतो. विकणारा शांतपणे सांगतो की पावसाळी हवा आहे, चामडे ओलसर आहे, घरी नेऊन ऊन दाखवा. ऊन कुठाय, असे चौथा विचारतो. भाद्रपदातल्या गोव्यात हा प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. मग तिथल्या तिथे आरतीच्या दोन आवर्तनांची चाचणी होते, शेजारच्या झांजवाल्याकडून कासाळे उसने घेतले जाते, बाजारात घोळका जमतो, आणि जमलेल्या घोळक्यापुढे तीनशे रुपये कमी करा म्हणण्याची पोरांनाच लाज वाटते. कुंभाराची ही विक्रीकला कोणत्याही बीबीएच्या अभ्यासक्रमात घालण्यासारखी आहे.

ट्रॅडिशनल डेचा उल्लेख आला आहे, तर कुणबी साडीबद्दलही सांगायला हवे. लाल चौकड्यांची ही जाडीभरडी साडी आज्या शेतात नेसत, आणि त्यांच्या मुलींना ती नेसायची लाज वाटे. कोलवाळला, म्हणजे पेडण्याच्या नदीपलीकडे, राहणाऱ्या वेंडेल रॉड्रिक्स या वेशभूषाकाराने ती पुन्हा नावारूपाला आणली. आता नातींना ती हवी असते. बाजारात तिची किंमत ऐकल्यावर त्या आजीच्या ट्रंकेकडे वळतात. आजीची अट एकच असते: नेसवणार मी. पिना लावायच्या नाहीत. त्यामुळे ट्रॅडिशनल डेला कॉलेजच्या आवारात पाचवारी नेसलेल्या मुली मोकळ्या धावताना दिसतात आणि कुणबी साडीतली तेवढी जिन्यावर जपून उभी असते.

शुक्रवारचे म्हापसे हे या सगळ्यांचे मक्का. तिथला बाजार 1960 मध्ये बांधला गेला, पोर्तुगीज अमलाच्या अगदी अखेरीस. म्हापशात 1963 पासून सेंट झेवियर्स महाविद्यालय आहे, शेजारच्या आसगावात 1974 पासून ज्ञानप्रसारक मंडळाचे. पेडण्याची कितीतरी मुले तिथेच शिकतात. तेव्हा पेडण्याहून सुटणाऱ्या शुक्रवारच्या सकाळच्या बसमध्ये अर्धी दप्तरे आणि अर्ध्या पाट्या असतात. कंडक्टर ‘फुडें वच, फुडें वच’ म्हणत प्रत्येकाला पुढे ढकलतो. पुढे जागा नाही हे त्याला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे, पण हा संवाद झाल्याशिवाय बस हलत नाही. कोलवाळचा पूल ओलांडेपर्यंत एखाद्याच्या अकाउंटन्सीच्या वहीवर गावठी कोंबड्याने हक्क सांगितलेला असतो.

म्हापशात एकदाचे ओळखीच्या डोळ्यांतून सुटल्यासारखे वाटते. केळ्यांची ओळ, फुलांची ओळ, चोरीसांच्या म्हणजे गोवन सॉसेजच्या लालभडक माळा, खाऱ्या मासळीचा भपकारा, हे ओलांडून पोरे कपड्यांच्या गल्लीत शिरतात. इथे कोणी आजीचे माहेर विचारत नाही. मुलगी जीन्स निवडते, भाव अर्ध्यावर आणते, पाठ फिरवून जाण्याचा तो हुकमी डाव टाकते, आणि पाठ फिरवल्यावर समोर गावची काकी उभी असते. काकी जीन्स हातात घेऊन कापड चिमटीत तपासते आणि विकणाऱ्याला अशा काही स्वरात एक आकडा सांगते की तो निमूट पिशवीत भरून देतो. पैसे वाचले याचा आनंद मानावा की काकी भेटली याचे दुःख, हे मुलीला बराच वेळ ठरवता येत नाही.

यावर उपाय म्हणून मोबाइलवरून खरेदी आली. तिच्यात ओळखपाळख नाही, घासाघीस नाही, काकी नाही. पण सामान आणून देणारा पोरगा शेवटी गावात येतोच. गोव्यातल्या पत्त्यात घर क्रमांक असतो, वाडा असतो, आणि शेवटी ‘चॅपेलजवळ’ किंवा ‘राष्ट्रोळीच्या देवळामागे’ असते. तो तिठ्यावर थांबतो आणि पहिल्याच दिसलेल्या माणसाला नाव विचारतो. तो माणूस नाव सांगण्याआधी पाकिटात काय आहे ते विचारतो. पाकीट घरी पोचेपर्यंत वाड्यावर मत पडलेले असते की लाल रंग तिला शोभणार नाही.

पेडण्याच्या लोकांना सीमेपलीकडचाही पर्याय आहे. पेडणे 1788 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले; बाजारहाटीने मात्र ही बदली पूर्णपणे स्वीकारलेली दिसत नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडून मंगळवारी सावंतवाडीचा बाजार करणारी घरे आहेत. मोती तलावाच्या काठाने फिरायचे, चितारआळीत लाकडी खेळण्यांचे भाव विचारायचे, न घेता परतायचे. तिकडची मंडळी पेट्रोल भरायला इकडे येतात, आणि पेट्रोलपेक्षा वेगळे काही भरून परत जातात. व्यापारतोल दोन्ही राज्यांनी शांततेने सांभाळला आहे.

या सगळ्याचा हंगाम कळसाला पोचतो तो कोजागरीच्या सुमारास, पेडण्याच्या पुनवेला. भगवतीच्या देवळासमोर दगडी हत्ती उभे आहेत, त्यांच्या साक्षीने दुकाने लागतात: खाजे, चणे, फुगे, बांगड्या, फिरते पाळणे. भुतेखेते उतरवण्यासाठी ही पुनव प्रसिद्ध आहे. कॉलेजची पोरे रात्रभर फिरतात, पण खर्च करतात तो फक्त खाज्यावर, कारण गूळ-आल्याचा तो वास घेतल्यावर बाकी हिशेब कुठल्याच शाखेच्या विद्यार्थ्याला जमत नाही.

पेडण्याचा बाजार पाहायचा असेल तर गुरुवारी सकाळी जा. कापडी पिशवी न्या, सुटे पैसे न्या, पाठ फिरवून जाण्याचा डाव घरी ठेवा. आणि निघण्यापूर्वी आजीचे माहेर कोणते, घर गिरणीच्या वर की खाली, हे एकदा नीट विचारून ठेवा. मागितली नसताना ही माहिती द्यायची नसते, पण ती मागितली जाणार आहे.